न वाटलेली जागा

नव्या सर्व्हरवर लिनक्स बसवायला घेतले की पहिल्या काही मिनिटांतच डिस्कच्या वाटणीचा प्रश्न समोर येतो. मूळ प्रणालीसाठी किती जागा, वापरणाऱ्यांच्या फाइलींसाठी किती, लॉगसाठी किती, डेटाबेससाठी किती? हा प्रश्न ज्या वेळी विचारला जातो त्या वेळी उत्तर देणाऱ्याजवळ सगळ्यात कमी माहिती असते. यंत्र अजून एक दिवसही चाललेले नसते. कोणता लॉग किती वेगाने फुगेल, डेटाबेस वर्षभरात दुप्पट होईल की दहापट, उद्या कुणी त्याच यंत्रावर आणखी एक सेवा सुरू करायला सांगेल का, यातले काहीच ठाऊक नसते. तरीही आकडे भरावे लागतात, आणि जुन्या पद्धतीच्या पार्टिशनमध्ये ते आकडे पुढची कित्येक वर्षे बोकांडी बसतात. लॉगचा भाग काठोकाठ भरून सेवा बंद पडते आणि शेजारच्याच भागात शेकडो गिगाबाइट जागा रिकामी पडलेली असते, हे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना नवे नाही. लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला एलव्हीएम, हा याच दुखण्यावरचा इलाज आहे. या प्रकरणात मला मांडायचे आहे ते असे की या इलाजाची अर्धी ताकद बहुतेक जण पहिल्याच दिवशी घालवून बसतात, कारण हाती असलेली सगळी जागा ते लगेच वाटून टाकतात.

आधी मूळ दुखणे नीट पाहू. पार्टिशन म्हणजे डिस्कवरचा सलग सेक्टरांचा एक पट्टा. पीसीवर हार्ड डिस्कची सोय १९८३ साली पीसी-डॉस २.० बरोबर आली, आणि त्या काळच्या पार्टिशनच्या तक्त्यात फक्त चार नोंदींना जागा होती. प्रत्येक नोंदीत सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जाई; ५१२ बाइटांचा सेक्टर धरला तर त्या क्रमांकांची धाव २ टेबीबाइटपर्यंतच पोचते. पुढे जीपीटी हा नवा तक्ता आला, सहसा १२८ नोंदींची सोय झाली आणि २ टेबीबाइटची भिंतही पडली. पण सलगतेची अट तशीच राहिली. एखादे पार्टिशन वाढवायचे तर त्याला लागूनच पुढे रिकामी जागा हवी. ती दुसऱ्या टोकाला असेल, किंवा दुसऱ्या डिस्कवर असेल, तर तिचा काही उपयोग नाही. मधले पार्टिशन सरकवायचे म्हणजे त्यातला सगळा डेटा एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवायचा, आणि तेवढा वेळ सेवा बंद. तक्ता कितीही सुधारला तरी ‘जागा म्हणजे पत्ता’ हे समीकरण कायम असेपर्यंत सुटका नव्हती.

ही अट मोडण्याचा विचार मोठ्या युनिक्स यंत्रांवर आधी झाला. आयबीएमच्या एआयएक्स ३ मध्ये, म्हणजे १९९० साली, लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर हा प्रणालीचाच भाग होता. एचपी-यूएक्समध्येही तो होता, आणि त्याच धर्तीवर हाइन्झ माउएल्सहागेन यांनी १९९८मध्ये लिनक्ससाठी पहिला एलव्हीएम लिहिला. २००१च्या जानेवारीत आलेल्या २.४ कर्नलमध्ये तो होता. २००३च्या डिसेंबरात २.६ कर्नल आले तेव्हा त्याची रचना बदलली: कर्नलमध्ये ‘डिव्हाइस मॅपर’ नावाचा एक लहान, सर्वसाधारण थर राहिला आणि वाटणीची सगळी अक्कल कर्नलबाहेरच्या कमांडमध्ये गेली. आज आपण वापरतो तो एलव्हीएम२ हाच. त्याची मांडणी तीन पायऱ्यांची आहे. पीव्हीक्रिएट ही कमांड एखाद्या डिस्कवर किंवा पार्टिशनवर छोटी खूण लिहून तिला फिजिकल व्हॉल्यूम बनवते. व्हीजीक्रिएट अशा एक किंवा अनेक डिस्क एकत्र करून त्यांचा व्हॉल्यूम ग्रुप बांधते. एलव्हीक्रिएट त्या ग्रुपमधून हव्या त्या आकाराचे लॉजिकल व्हॉल्यूम कापून देते, आणि त्यावर मग नेहमीसारखी फाइल सिस्टिम बसते. मधल्या पायरीवर सगळी जागा सहसा ४ मेबीबाइटच्या सारख्या तुकड्यांत मोजली जाते. या तुकड्यांना एक्स्टेंट म्हणतात. लॉजिकल व्हॉल्यूम म्हणजे एक्स्टेंटची यादी. ते एकमेकांना लागून असावेत असे बंधन नाही, एकाच डिस्कवर असावेत असेही नाही.

ही यादी कुठे असते? प्रत्येक फिजिकल व्हॉल्यूमच्या सुरुवातीच्या साधारण १ मेबीबाइटमध्ये, आणि तीसुद्धा डोळ्यांनी वाचता येईल अशा साध्या मजकुरात. ग्रुपचे नाव, प्रत्येक डिस्कची ओळख, एक्स्टेंटचा आकार, कोणत्या व्हॉल्यूमचा कोणता तुकडा कोणत्या डिस्कवर कितव्या एक्स्टेंटपासून सुरू होतो, असे सगळे त्यात ओळीने लिहिलेले असते. प्रत्येक बदलाबरोबर एक अनुक्रमांक एकाने वाढतो. याची एक प्रत ईटीसीतल्या एलव्हीएमच्या बॅकअप फोल्डरात राहते आणि जुन्या प्रती शेजारच्या आर्काइव्ह फोल्डरात साठतात. मूळ मांडणीत निदान १० प्रती आणि निदान ३० दिवसांचा इतिहास जपला जातो. या व्यवस्थेचा स्वभाव सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखा आहे. उताऱ्यावरची नोंद बदलली म्हणून शेत नांगरले जात नाही आणि उभे पीकही हलत नाही. बदलते ते फक्त कोणता तुकडा कोणाच्या नावावर आहे हे. म्हणून लॉजिकल व्हॉल्यूम वाढवणे हे काम डेटा कितीही असो, क्षणात होते. म्हणूनच चुकून काढून टाकलेले व्हॉल्यूम व्हीजीसीएफजीरिस्टोअर या कमांडने जुनी नोंद परत आणून पुष्कळदा जसेच्या तसे मिळते, जर मधल्या काळात त्या एक्स्टेंटवर दुसऱ्या कुणी लिहिले नसेल तर. काढताना डेटा पुसला जाण्याची सोय चालू असेल, म्हणजे एसएसडीला ‘ही जागा आता नको’ असे कळवले जात असेल, तर मात्र नोंद परत येते आणि मजकूर येत नाही.

आता मुख्य मुद्दा. एलव्हीएमची ओळख करून देताना ‘व्हॉल्यूम हवे तेव्हा लहान-मोठे करता येते’ असे एका दमात सांगितले जाते, जणू वाढवणे आणि घटवणे या एकाच दाराच्या दोन बाजू आहेत. एलव्हीएमच्या नोंदीपुरते ते खरे आहे: यादीत चार ओळी वाढवल्या काय किंवा काढल्या काय, कष्ट सारखेच. पण व्हॉल्यूमवर फाइल सिस्टिम बसलेली असते, आणि तिच्यासाठी या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वाढताना तिला पुढची कोरी जागा फक्त आपल्या हिशेबात घ्यायची असते. घटताना मात्र शेपटीकडच्या भागात असलेला प्रत्येक ब्लॉक शोधून, उचलून, सुरुवातीकडच्या भागात नेऊन ठेवावा लागतो आणि त्याच्याकडे बोट दाखवणारी प्रत्येक नोंद बदलावी लागते. म्हणजे एलव्हीएमची लवचीकता एकाच दिशेने स्वस्त आहे. कोणत्याही व्हॉल्यूमला दिलेली जागा परत घेणे महाग किंवा अशक्य, आणि न दिलेली जागा देणे जवळजवळ फुकट. हे एकदा मान्य केले की उरलेले सगळे त्यातूनच निघते: प्रत्येक व्हॉल्यूमला आज लागते त्याहून थोडीच जास्त जागा द्यावी आणि उरलेली ग्रुपमध्ये कोणाच्याही नावावर न करता ठेवावी.

फाइल सिस्टिमनिहाय पाहिले तर हा फरक किती कडक आहे ते दिसते. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सने २०१४मध्ये ७व्या आवृत्तीपासून एक्सएफएस ही मूळ फाइल सिस्टिम केली. ती चालू असताना एक्सएफएस-ग्रोएफएस या कमांडने वाढते, पण व्यवहारात घटत नाही. गेल्या काही वर्षांत शेवटचा थोडासा रिकामा भाग कापण्याची मर्यादित सोय आली आहे, पण तिच्या भरवशावर कोणी वाटणी आखू नये. एक्सएफएस लहान करायची म्हणजे डेटा दुसरीकडे काढून, नवी लहान फाइल सिस्टिम बनवून, परत भरायचा. ईएक्सटी४ चालू असताना वाढते. ती लहानही होते, पण त्यासाठी अनमाउंट करावी लागते. मूळ प्रणालीचा व्हॉल्यूम असेल तर यंत्र दुसऱ्या माध्यमावरून सुरू करावे लागते. शिवाय क्रम उलटा झाला की घात ठरलेला. घटवताना आधी फाइल सिस्टिम लहान, मग व्हॉल्यूम लहान. वाढवताना आधी व्हॉल्यूम, मग फाइल सिस्टिम. एलव्हीरिड्यूस आधी चालवले तर फाइल सिस्टिमच्या शेपटीखालची जमीनच काढून घेतली जाते. अलीकडच्या आवृत्त्यांत ही कमांड फाइल सिस्टिमचा आकार तपासून अडवते, आणि आर हा पर्याय दिला तर दोन्ही कामे योग्य क्रमाने करून देते. पण जुन्या आवृत्त्या चालवणारे सर्व्हर आजही कमी नाहीत, आणि तिथे एका साध्या होकारानंतर पुढचा अडथळा नसतो. एलव्हीएक्स्टेंडला तोच आर दिला की व्हॉल्यूम आणि त्यावरची फाइल सिस्टिम दोन्ही एकाच झटक्यात, सेवा चालू असताना वाढतात. दोन्ही कामांच्या कमांड एकमेकींसारख्या दिसतात, त्यांची जोखीम मात्र एका मापाची नाही.

वाढवण्याखेरीज न वाटलेल्या जागेचा दुसरा मोठा उपयोग आहे तो स्नॅपशॉटचा. एखादे मोठे अपडेट करण्यापूर्वी एलव्हीक्रिएटला एस पर्याय देऊन व्हॉल्यूमचा त्या क्षणाचा फोटो घेऊन ठेवता येतो. फोटो म्हटले तरी त्यात सगळा डेटा उतरवला जात नाही. मूळ व्हॉल्यूमवरचा एखादा भाग पहिल्यांदा बदलणार असेल, तेव्हा त्याचा जुना मजकूर आधी स्नॅपशॉटच्या जागेत नेऊन ठेवतात आणि मग नवे लिहितात. म्हणून १०० गिगाबाइटच्या व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट ५ गिगाबाइटमध्येही भागतो, जर तेवढ्या वेळात ५ गिगाबाइटपेक्षा कमी बदल होणार असतील तर. ही ५ गिगाबाइट जागा येणार कुठून? ग्रुपमधल्या मोकळ्या एक्स्टेंटमधून, आणि दुसरीकडून नाही. ग्रुप पूर्ण वाटलेला असेल तर अपडेटच्या रात्री ही सोय कागदावरच राहते. स्नॅपशॉट भरला तर तो निकामी होतो. मूळ व्हॉल्यूमला धक्का लागत नाही, पण मागे जाण्याचा रस्ता बंद होतो. तेव्हाही मोकळी जागा शिल्लक असेल तर भरत आलेला स्नॅपशॉट वाढवता येतो. अपडेट बिघडले तर एलव्हीकन्व्हर्टला मर्ज सांगून मूळ व्हॉल्यूम जुन्या स्थितीत नेता येते. ते माउंट असेल तर पुढच्या वेळी कार्यान्वित होताना, म्हणजे मूळ प्रणालीच्या बाबतीत रीस्टार्टनंतर, हे काम सुरू होते. इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी, कारण तिचा विसर पडून लोकांचा डेटा जातो: स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. न बदललेला सगळा मजकूर तो मूळ व्हॉल्यूममधूनच वाचतो. डिस्क गेली की दोन्ही जातात. शिवाय स्नॅपशॉट जिवंत असेपर्यंत लिहिण्याचे काम मंदावते, तेव्हा गरज संपताच तो काढून टाकावा.

तिसरा उपयोग डिस्क बदलण्याचा, आणि माझ्या मते एलव्हीएमची सगळ्यात कौतुकास्पद करामत हीच. डिस्क जुनी झाली, तिच्यावर वाचनाच्या चुका दिसू लागल्या, किंवा हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आणायची आहे. नवी डिस्क लावायची, पीव्हीक्रिएटने तयार करायची, व्हीजीएक्स्टेंडने ग्रुपमध्ये घ्यायची आणि पीव्हीमूव्हला जुन्या डिस्कचे नाव द्यायचे. डेटाबेस चालू आहे, वापरणारे काम करत आहेत, आणि खाली एकेक करून एक्स्टेंट जुन्या डिस्कवरून निघून जातात. हलवण्याच्या काळापुरता तो भाग दोन्हीकडे आरशासारखा ठेवला जातो आणि प्रत एकसारखी झाली की नोंद नव्या जागेकडे वळवली जाते. मध्येच वीज गेली तरी नोंदीत खूण राहिलेली असते. यंत्र सुरू झाल्यावर काहीही न सांगता नुसते पीव्हीमूव्ह चालवले तरी काम पुढे चालू होते. काम संपले की व्हीजीरिड्यूसने जुनी डिस्क ग्रुपमधून काढायची आणि पीव्हीरिमूव्हने तिच्यावरची खूण पुसायची. आता कल्पना करा की यंत्रात डिस्क बसवायच्या खोबणी भरलेल्या आहेत, आणि एक डिस्क काढल्याशिवाय दुसरी बसत नाही. तेव्हा त्या डिस्कवरचे एक्स्टेंट सामावून घेण्याइतकी जागा उरलेल्या डिस्कवर मोकळी असेल तरच पीव्हीमूव्हला काम करता येते. पीव्हीमूव्हला फाइली कळत नाहीत, फक्त वाटलेले एक्स्टेंट कळतात. ९०० गिगाबाइटच्या व्हॉल्यूममध्ये फक्त ४० गिगाबाइटच्या फाइली असल्या तरी तो ९०० गिगाबाइटच हलवतो. उगाच दिलेली जागा इथे पुन्हा अंगाशी येते.

यावर स्वाभाविक हरकत अशी की विकत घेतलेली जागा रिकामी ठेवणे हा अपव्यय आहे. उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर या बाबतीत चांगले उदाहरण आहे. एलव्हीएम निवडले तर मोठ्या डिस्कवर तो मूळ प्रणालीच्या व्हॉल्यूमला फक्त १०० गिगाबाइट देतो, मध्यम आकाराच्या डिस्कवर निम्मी जागा देतो, आणि बाकीची पुढच्या वाढीसाठी आणि स्नॅपशॉटसाठी सोडतो. हे न कळल्यामुळे ‘माझी अर्धी डिस्क कुठे गेली’ असा प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि त्याला मिळणारे ठरलेले उत्तर असते: एलव्हीएक्स्टेंडला शंभर टक्के फ्री सांगून सगळी देऊन टाका. मला हे उत्तर घाईचे वाटते. जागा गेलेली नाही. ती व्हीजीएसच्या यादीत शेवटच्या रकान्यात दिसते आणि एका कमांडच्या अंतरावर आहे. ती व्हॉल्यूमच्या आत ठेवली काय आणि बाहेर ठेवली काय, वापरली न गेलेली जागा तेवढीच आहे. फरक इतकाच की बाहेर ठेवलेली जागा कोणत्याही व्हॉल्यूमला, स्नॅपशॉटला किंवा स्थलांतराला उपयोगी पडते आणि आत ठेवलेली फक्त एकाच्या कामाची. बेफाम सुटलेला लॉग व्हॉल्यूमची सगळी जागा खाऊन टाकतो तेव्हा हा फरक आणखी ठळक होतो, कारण बाहेरची जागा त्याच्या हाती लागत नाही. राखीव ठेवण्याचे हे तत्त्व परके नाही: ईएक्सटी४ बनवताना एकूण ब्लॉकपैकी ५ टक्के मुळातच रूट वापरकर्त्यासाठी बाजूला ठेवले जातात, ते याच विचाराने.

याहून वजनदार आक्षेप थिन प्रोव्हिजनिंगचा आहे. २०१२च्या सुरुवातीला आलेल्या ३.२ कर्नलपासून एलव्हीएमला थिन पूल करता येतो. १०० गिगाबाइटच्या पुलातून प्रत्येकी ५० गिगाबाइटची दहा व्हॉल्यूम देता येतात. खरी जागा तेव्हाच खर्च होते जेव्हा कोणी तिथे प्रत्यक्ष लिहितो. मग आधी कमी द्या, नंतर वाढवा हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि एकाच यंत्रावर पुष्कळ आभासी यंत्रे चालवणाऱ्यांसाठी थिन पूल खरोखर उपयुक्त आहे. त्याचे स्नॅपशॉटही जुन्यांपेक्षा हलके असतात. पण कबूल केलेली जागा हातातल्या जागेपेक्षा जास्त असेल तर एक दिवस पूल भरू शकतो, आणि तो भरणे साध्या व्हॉल्यूमच्या भरण्यासारखे नसते. साधे व्हॉल्यूम भरले तर फाइल सिस्टिमला ते कळते आणि ती लिहिणाऱ्याला सभ्यपणे ‘जागा नाही’ म्हणते. पूल भरला तर फाइल सिस्टिमच्या हिशेबात जागा शिल्लकच असते. लिहिणे मूळ मांडणीत ६० सेकंद अडकून राहते आणि मग चूक म्हणून परत येते, आणि तो फटका पुलातल्या एका नव्हे, अनेक व्हॉल्यूमना बसू शकतो. यावर उपाय आहे: पूल ठराविक टक्के भरला की आपोआप वाढवण्याची सोय. ती मूळ मांडणीत बंद असते, कारण तिची मर्यादा १०० टक्क्यांवर ठेवलेली असते. ती ७० किंवा ८० करावी लागते. आणि चालू केल्यावर पूल वाढणार कशात? ग्रुपमधल्या मोकळ्या एक्स्टेंटमध्ये. म्हणजे थिन पूल राखीव जागेची गरज नाहीशी करत नाही, ती पुलाबाहेर आणखी निकडीची करतो. शिवाय इथे कोणता तुकडा कुठे आहे याची खरी नोंद साध्या मजकुरात नसून वेगळ्या मेटाडेटा व्हॉल्यूममध्ये असते, त्यामुळे जुनी नोंद परत आणण्याचा वर सांगितलेला मार्ग इथे धोक्याचा ठरतो. व्हीजीसीएफजीरिस्टोअर अशा ग्रुपवर जबरदस्तीचा पर्याय दिल्याशिवाय चालतच नाही.

काही जण म्हणतील की मुळात हे थर वेगळे ठेवणेच जुनाट आहे. सनने २००५मध्ये खुल्या केलेल्या झेडएफएसने फाइल सिस्टिम आणि व्हॉल्यूम मॅनेजर एकत्र केले: सगळ्या फाइल सिस्टिम एकाच साठ्यातून लागेल तशी जागा घेतात, आधी आकार सांगावाच लागत नाही, आणि प्रत्येक ब्लॉकची बेरीज तपासली जात असल्याने डिस्कने गुपचूप बिघडवलेला डेटा ओळखू येतो. २००९मध्ये लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आलेली बीटीआरएफएस तर चालू असतानाच लहानही होते, आणि २०२०च्या फेडोरा ३३ पासून तिथल्या डेस्कटॉपची मूळ निवड तीच आहे. हे गुण खरे आहेत आणि एलव्हीएमकडे त्यांना थेट उत्तर नाही. पण झेडएफएस परवान्याच्या कारणामुळे मुख्य कर्नलबाहेर राहिली आहे, आणि रेड हॅटने २०१९च्या ८व्या आवृत्तीतून बीटीआरएफएस काढून टाकली. कंपन्यांच्या सर्व्हरवर एलव्हीएमवर बसलेली एक्सएफएस किंवा ईएक्सटी४ आजही नेहमीची आहे, आणि अशी यंत्रे सांभाळणाऱ्याला ती आहेत तशी सांभाळावी लागतात. राखीव जागेचा मुद्दाही झेडएफएस किंवा बीटीआरएफएस घेतल्याने संपत नाही. या दोन्ही पद्धती जुन्या ब्लॉकवर न लिहिता नव्या ब्लॉकवर लिहितात, म्हणून काठोकाठ भरल्यावर त्यांची दमछाक साध्या फाइल सिस्टिमपेक्षा जास्त होते.

क्लाउडच्या बाबतीत मात्र मला थोडी माघार घ्यावी लागते. तिथे डिस्क आभासी असते, तिचा आकार एका सूचनेने वाढतो, आणि वापरा किंवा न वापरा, घेतलेल्या आकाराचे पैसे मोजावे लागतात. एकच डिस्क, तिच्यावर एकच फाइल सिस्टिम असेल तर राखीव साठा पुरवठादाराकडे आहे असे समजून एलव्हीएम न घालणेच सोपे. पण ॲमेझॉनच्या ईबीएस डिस्कसुद्धा फक्त वाढवता येतात, घटवता येत नाहीत. एकाच दिशेने स्वस्त हा नियम तिथेही लागू आहे, आणि आधी लहान घेणे हाच शहाणपणा आहे. एलव्हीएम असेल तर डिस्क वाढवल्यावर पीव्हीरिसाइझ चालवायला विसरू नये, नाहीतर ग्रुपला नवी जागा दिसतच नाही.

एक धोका एलव्हीएमच्या बाजूने बोलणाऱ्यांकडून अनेकदा सांगायचा राहून जातो. दोन डिस्क एका ग्रुपमध्ये घेतल्या आणि एक व्हॉल्यूम दोन्हींवर पसरले, तर कोणतीही एक डिस्क गेली तरी ते व्हॉल्यूम जाते. म्हणजे बिघाडाची शक्यता जवळजवळ दुप्पट होते. ग्रुप बांधणे म्हणजे संरक्षण नव्हे. संरक्षण हवे तर एलव्हीक्रिएटला रेड१ प्रकार सांगून दोन प्रती ठेवाव्या, किंवा खाली वेगळी रेड रचना घालावी, किंवा निदान कमांडच्या शेवटी डिस्कचे नाव देऊन प्रत्येक व्हॉल्यूम एकाच डिस्कवर बांधून ठेवावे. रेड१ व्हॉल्यूममधली एक डिस्क गेली तर दुसरी प्रत पुन्हा उभी करायला मोकळे एक्स्टेंट लागतात, हे आता वेगळे सांगायला नको. वेग कमी होतो ही भीती मात्र साध्या व्हॉल्यूमच्या बाबतीत फोल आहे. डीएमसेटअपला टेबल विचारले तर संपूर्ण १० गिबीबाइटच्या व्हॉल्यूमची मांडणी कर्नलला एका ओळीत कळवलेली दिसते: शून्यापासून २०९७१५२० सेक्टर, अमुक डिस्कवर, २०४८व्या सेक्टरपासून. प्रत्येक वाचन-लेखनाला एक बेरीज, एवढाच खर्च.

हे सगळे कमांड लाइनवरून का करावे? ग्राफिकल साधने आहेत आणि त्यांनी ही कामे होतात. पण तिथे पट्टी ओढून आकार ठरवला जातो, आणि ओढणे दोन्ही दिशांना सारखेच सोपे वाटते. कमांडमध्ये वाढ आणि घट यांची नावेच वेगळी आहेत, आणि हा वेगळेपणा कामाचा आहे. एलव्हीरिसाइझ दोन्हीकडे चालते: २०० गिगाबाइटच्या व्हॉल्यूममध्ये २० वाढवताना अधिकचे चिन्ह राहून गेले तर तिला अर्थ लागतो तो व्हॉल्यूम २० गिगाबाइटचे करण्याचा. तीच चूक एलव्हीएक्स्टेंडमध्ये झाली तर कमांड नकार देते, कारण तिला घटवता येतच नाही. म्हणून रोजच्या कामात एलव्हीरिसाइझला हात लावू नये असे माझे मत आहे. शिवाय बहुतेक कमांड टेस्ट हा पर्याय घेतात आणि काहीही न लिहिता काय होईल ते सांगतात. पीव्हीएस, व्हीजीएस आणि एलव्हीएस या तीन छोट्या कमांड डिस्क, ग्रुप आणि व्हॉल्यूम यांची स्थिती एकेका ओळीत देतात. एलव्हीएसला डिव्हाइसेस हा रकाना मागितला की कोणते व्हॉल्यूम कोणत्या डिस्कवर बसले आहे तेही दिसते. आकड्यापुढे कधी ‘पेक्षा कमी’चे चिन्ह दिसते, त्याने गोंधळू नये: १० गिबीबाइटच्या डिस्कमधली पहिली मेबीबाइट नोंदीला जाते, उरलेल्यात ४ मेबीबाइटचे पूर्ण एक्स्टेंट २५५९ बसतात, २५६० नाही, आणि ते चिन्ह हाच तुटवडा दाखवते.

किती राखावे याला एकच आकडा नाही. सर्वांत जास्त बदलणाऱ्या व्हॉल्यूममध्ये एका दिवसात किती लिहिले जाते ते पाहावे. तेवढी जागा एका स्नॅपशॉटसाठी धरावी. त्यावर सगळ्यात वेगाने वाढणाऱ्या व्हॉल्यूमची, नवी डिस्क मंजूर होऊन हातात पडेपर्यंतची वाढ धरावी. सरकारी किंवा मोठ्या कंपनीच्या खरेदीत हा काळ महिन्यांत मोजावा लागतो, तेव्हा तिथली राखीव जागाही त्या मानाने मोठी हवी. खोबणी भरलेल्या यंत्रात यातले काहीही न मोजता सगळ्यात मोठ्या डिस्कवरचे वाटलेले एक्स्टेंट इतर डिस्कवर मावतील एवढी जागा ठेवावी. व्हीजीएसचा शेवटचा रकाना यांतल्या लागू असलेल्या मोजमापाखाली गेला की नव्या डिस्कची मागणी त्याच आठवड्यात नोंदवावी. तोपर्यंत एलव्हीएक्स्टेंडला कधीही शंभर टक्के फ्री सांगू नये, गिगाबाइटचा आकडा लिहावा आणि त्याच्या आधी अधिकचे चिन्ह.